अठ्ठावीस गुंठे

फायदा झाला, असं आमच्याकडं कुणी म्हणत नाही.
"बरं हाय" म्हणतात.
फारच झाला तर "चाललंय कसंतरी",
आणि लगेच कुणाच्या तरी म्हशीची चौकशी.
तोटा मात्र कट्ट्यावर बसून, तंबाखू मळत,
आकड्यासकट सांगता येतो.

कडोलीच्या खाली, मार्कंडेयच्या अंगाला
अठ्ठावीस गुंठे लाल माती.
पहाणीवर नाव कन्नडात, वही मराठीत,
भांडण दोन्हींत.
तलाठ्यानं हौसाचं हवसा केलंय, पंधरा वर्षं तसंच आहे.
मेथीला त्याचं काही नाही.

मेथी दर नऊ दिवसांनी एक वाफा.
सगळी एकदम कधीच नाही.
एवढंच शिकायला दोन वर्षं गेली
आणि चारशे पेंड्या म्हशीच्या पोटात.
कोबीच्या कडेनं मोहरी:
अळी आधी तिकडं जाते, तिला जाऊ द्यायचं,
तेवढं भाडं समजायचं.
आंबट ताक, लिंबाचा पाला, गोमूत्र.
खर्च नावाला, वास चार दिवस.
वासाला वहीत रकाना नाही.

माझी मजुरी रोज साडेतीनशे, ती मी खर्चात धरते.
थोरला हसला, "आई, सोताला पगार?"
म्हटलं, तो नाही धरला तर
खाली जो आकडा येतो
तो माझ्या कमरेतनं आलेला असतो, मातीतनं नाही.

पहाटे साडेतीनला इनासचा टेम्पो,
चोर्ला घाट उतरून फोंड्याला.
तिथल्या हॉटेलवाल्याला भोक नसलेलं पान लागतं.
तिथलीच एक मास्तरीण
भोक असलेलंच मागते, बोट घालून बघते.
दोघांचं एकाच वाफ्यातलं,
मी फक्त निवडून देते.

यंदा उगादीच्या आधी
भांगलताना बांधापलीकडनं बसव्वानं विचारलं,
"एष्ट उळीतु, हौसक्का?"
किती उरले.
मराठीत विचारलं असतं तर
"बरं हाय" आपोआप निघालं असतं.
पण माझं कन्नड बाजारातलं.
त्यात वजन आहे, भाव आहे, उद्या ये आहे,
आडून बोलायचं काही नाही.
"ओंदु लक्ष हदिनाल्कु साविर."

एक लाख चौदा हजार, मजुरी वजा जाता.
बोलले, आणि मागं बघितलं.
नदीवरची मोटर तशीच चालू होती.
बसव्वा खुरपं धरून उभी.
तिची निळी फवारणीची टाकी बांधावर आडवी.
"सुळ्ळ?"
खोटं नाही गं.

रात्री सातेरी म्हणाले, "सांगायचं कशाला?
आता ती मेथी करणार, भाव पडणार,
आणि नजर लागली ती वेगळीच."
आठव्या दिवशी ती खरंच ड्रम घेऊन आली.
शेण किती, बेसन किती, कुठल्या झाडाखालची माती.
सगळं सांगितलं.
गूळ मात्र दोनच्या जागी एक किलो म्हणाले.
का म्हणाले, मलाच कळलं नाही.
हिरवी पानं असली तरी
माणूस आतनं किडतं कधीकधी.

झोप आली नाही.
उजाडायच्या आत बांधावर जाऊन ओरडले,
"एरडु! बसव्वा, गूळ एरडु!"
ती दात घासत होती. मान हलवली.
जसं काही तिला ठाऊकच होतं.

आता बुधवारची मेथी तिची, शनिवारची माझी.
इनास दोघींच्या बांधाला थांबतो.
वहीत तिच्या नावाचं पान केलंय,
तिनंच दाखवून दिलेल्या अक्षरांत,
ब जरा कलंडलाय.
भाव पेंडीमागं दीड रुपयानं खाली आला,
तेही लिहिलंय.

काल बस स्टॉपवर गावातल्या एकानं विचारलं,
"यंदा कसं काय हौसाबाई, मिळालं का काय?"
"बरं हाय," म्हटलं.
शेजारी बसव्वा पदर तोंडाला लावून हसली.
तेवढं मराठी तिला येतं.