पट्टा

उर्पोसाठी घेतलं होतं हे यंत्र.
डॉक्टर म्हणाली होती, रोज वीस मिनिटं, सपाट जागी,
आणि कुह्मोत जानेवारीत सपाट जागा म्हणजे
नुसती काच.
चौदा किलोमीटर चालला तो एकंदर.
मग म्हणाला, ही वाट कुठं जातच नाही, आउने,
आणि गेला लाकडं फोडायला.
त्यातली अर्धी अजून रचलेली आहेत
गोठ्याच्या भिंतीला.

माणसाच्या पावलाला पुरतो हा पट्टा,
कुत्र्याच्या ढांगेला नाही.
ताइस्तोनं वेल्डिंग करून दोन हात वाढवला,
मजुरी म्हणून नेल्या
हिल्लाच्या मुरंब्याच्या चार बरण्या.

पहिला आठवडा यंत्र बंदच.
रोउता नुसती वर उभी राहायची.
उभी राहा: सुक्या मांसाचा तुकडा.
उतर: काही नाही.
दुसऱ्या आठवड्यात पट्टा हलला, गोगलगायीच्या चालीनं.
पुढचे पाय निघाले, मागचे विसरले,
आणि पायाखालची जमीन सरकणं म्हणजे काय
ते तिनं त्या दिवशी पाहिलं.
मी आधीच पाहिलं होतं.

शिकायला येणाऱ्या पोरांना मी एकच गोष्ट ओरडून सांगते:
गळ्यातला पट्टा यंत्राला बांधायचा नाही. कधीच नाही.
तो बांधलात तर कुत्रं पळत नाही,
फरफटतं.
हातात धरा, सैल,
आणि नजर जिभेवर.
जीभ टोकाशी पसरली, उलथन्यासारखी,
की थांबवा.
तिला विचारू नका. ती हो म्हणेल.
कामाचं कुत्रं नेहमी हो म्हणतं,
कामाची माणसंही.

बाहेर उणे एकतीस.
बर्फावर कडक पापुद्रा, तळवे चिरणारा.
आत, जिथून गाई जाऊन वीस वर्षं झाली
आणि वास अजून गेला नाही,
तिथं ती दुडकते:
वेग आठ, चढ दोन,
नखांची टकटक, वाफ,
माझ्या घड्याळाकडे माझी आणि माझ्याकडे तिची नजर.
एकूण अंतराचा आकडा पुसता येतो, बटण आहे.
मी पुसला नाही.
चौदाच्या पुढं तिनं नेला. चारशे सहा.

फेब्रुवारीत फोन आला, लेन्तीराच्या बाजूनं.
ऐंशी पार केलेला म्हातारा,
घरातल्या चपला घालून बाहेर पडलेला.
रोउता गाडीतून उतरली, चारी पाय बर्फावर टेकले,
आणि तशीच उभी राहिली.
जमीन चालू व्हायची वाट बघत.
मला हसू आलं, तिथं, त्या वेळी,
पोलिसांच्या पोराला ते आवडलं नाही.
मग तिला आठवलं
की इथं आपण चालायचं असतं, जमिनीनं नाही.
गेली.

साडेपाच तास.
शेवटच्या तासात माझे गुडघे बोलायला लागले,
तिची चाल पहिल्या तासातलीच.
सापडला. कुणाच्या तरी ओसाड शेडमध्ये,
सरपणाच्या राशीआड,
जिवंत, आणि भयंकर चिडलेला:
लाकडं फोडायला आलो होतो,
माझी कुऱ्हाड कुणी लपवली?

मी काही बोलले नाही.
त्याच्या मांडीवर रोउतानं डोकं ठेवलं,
तिला ढकलत ढकलत त्यानं तिचे कान ऊबेला धरले.

रात्री तिच्या बोटांमधले बर्फाचे खडे काढले,
तळव्यांना चरबी लावली.
एक फट, उजव्या मागच्या पायाला, तांदळाएवढी.
उद्या सुट्टी.

यंत्राला एक लाल दोरी आहे,
चालणाऱ्यानं कमरेला अडकवायची;
पडलात तर ती सुटते आणि सगळं थांबतं.
उर्पोनं कधी अडकवली नाही.
रोउताला अडकवता येत नाही,
म्हणून ती माझ्या मुठीत असते.

परवा पुन्हा. वेग चार, चढ शून्य.