गुण आला का

परळ. दुसरा मजला, खोली चौदा.
माझं काम विचारायचं आणि लिहायचं.
झोप कशी? शून्य ते चार.
हातापायांत जडपणा? शून्य ते चार.
जगणं नकोसं होतं का, हे मी
छताच्या पंख्याकडे न बघता विचारते.

डॉक्टर दिघावकर म्हणतात, रकाने दोनच खरे:
गुण किती आला, आणि सोसवलं किती.
बाकी शाई.

मराठीत परीक्षेतही गुण, औषधालाही गुण.
इथे गुण उतरले की गुण आला म्हणायचं.
मला हे अंगवळणी पडायला वर्ष लागलं.

सोसवतं का, विचारलं की बायका आधी हसतात.
माहूलच्या हेमलता तांडेल म्हणाल्या,
"तोंडाला कोरड पडते, बोंबलाला चव नाही.
पण याला काय सोसणं म्हणतात, बाय?"
मी 'सौम्य' वर खूण केली.
मग ती खूण बराच वेळ बघत बसले.

नफीसा मुकादम, माझगाव. नऊ किलो वाढल्या.
शिवलेले सगळे कपडे बहिणीला देऊन टाकले.
"फजरची अजान झोपेतच निघून गेली," म्हणाल्या,
"त्याचं वाईट वाटलं.
किती महिन्यांनी कशाचं तरी वाईट वाटलं.
हे बरं की वाईट, कुठे लिहाल?"
कुठेच नाही लिहिलं.

एक गोळी माझ्याही पर्सच्या चिल्लरच्या कप्प्यात असते,
दोन वर्षं, रात्री साडेनऊला.
ती या तक्त्यात नाही.
दिघावकरांनाही माहीत नाही.

दिगंबर नाचणकर, बुकबाइंडर, काळाचौकी.
पहिली गोळी, आमच्या तक्त्यातली सगळ्यात वरची:
सहा आठवड्यांत चोवीसवरून अकरा.
सातव्या आठवड्यात बंद.
'अर्ध्यात सोडलं' या रकान्यात फुली मारली,
नियमाप्रमाणे फोन केला.
"गुण आला, मॅडम. खोटं कशाला बोलू.
पण हात कापतो. सुईत दोरा जाईना.
बरं वाटून करू काय मग दिवसभर?"

दुसरी गोळी तक्त्यात बरीच खाली.
चोवीसवरून पंधरा, आणि तिथेच थांबली.
पंधरा म्हणजे अजून पहाटे तीनला जाग,
अजून जेवताना मध्येच घास हातात राहतो.

परवा ते आले, खुर्चीवर बसले,
उत्तरं देता देता नजर माझ्या रजिस्टरवर.
कणा तुटलेला, पानं सुटी, मी रबर लावलेलं.
"हे असं ठेवतात का कागद?"
शर्टाच्या कॉलरच्या आतून सुई काढली.
खिशात दोऱ्याचं रीळ होतंच.
एकदा चुकला.
दुसऱ्यांदा ओठात धरून टोक ओलं केलं, चुकला.
बाहेर शिपाई पुढचा नंबर ओरडत होता.
मी "थांबा" म्हटलं, त्याला की यांना, कोण जाणे.
तिसऱ्यांदा गेला.

टाके काही सरळ आले नाहीत, त्यांनाच आवडले नाहीत.
"उद्या उसवून पुन्हा घालतो," म्हणाले.
उद्या!
मी पंधराच लिहिले.

रजिस्टर आता सपाट उघडतं.
गुरुवारी ते हेमलताबाईंच्या पानावर उघडलं.
तारीख घातली. फोन लावला, वाजत राहिला.
'अर्ध्यात सोडलं' पुढे
अजून काही लिहिलेलं नाही.