कोरा रकाना

आमच्या दरीत वर्षं दगडांवर लिहितात,
तांबड्या ऑइलपेंटनं.
बर्फाची कड जिथं संपते, तिथल्या दगडावर
साल, आणि एक बाण.
पहिला आकडा माझ्या बापाच्या हातचा: १९७१.
साताला त्यानं मधोमध आडवी काडी मारलीय,
शाळेत शिकवली तशी.

तिथून बहात्तरपर्यंत
गाढव मान वळवायच्या आत पोचतं.
नव्वदीच्या सालांमधून जाताना
गालातली कोकाची पानं एकदा बदलावी लागतात.
दोन हजार पंधरा ते सोळा,
तिथं मी बसतोच.
गुडघ्यांचा दोष की बर्फाचा, बाईंना विचारलं होतं.
म्हणाल्या, टेप लावून बघू.

बाई म्हणजे हुआराजच्या एदेल्मिरा इंजिनिअरीण.
वर बर्फात त्यांनी पाच नळ्या रोवल्या,
वाफेच्या गिरमिटानं, सहा सहा मीटर खोल.
दरवर्षी उघडी पडलेली नळी मोजायची.
मी आकडा ओरडायचो, त्या पेन्सिलीनं लिहायच्या
(शाई तिथं गोठते)
आणि तोच पुन्हा ओरडायला लावायच्या.
विश्वास नाही का माझ्यावर?
माझ्यावरही नाही, म्हणाल्या. म्हणून तर दोनदा.

खाली गावात बोलणं वेगळं.
सेफेरिनाकाकी म्हणते डोंगर रुसलाय, मेणबत्त्या कमी पडल्या.
तिचा पुतण्या म्हणतो
ऊन-थंडीचं काय, येतात जातात.
मी वाद घालत नाही.
नळीला दोघांचंही ऐकू येत नाही:
नव्वद सेंटिमीटर. एकशे दहा. एकशे चाळीस.
मधे एका वर्षी बर्फ दणकून पडला, तेव्हा साठच.
मी जरा चाचरलो.
बाई म्हणाल्या, सोयीचं नसतं ते आधी लिहायचं.

या ऑगस्टात चौथी नळी सापडेना.
सापडली ती आडवी,
ओल्या काळ्या खडकावर
ऊन खात पडलेल्या जनावरासारखी,
सांध्याची तार गंजलेली.
मी टेप धरून उभा. काय ओरडू?
शून्य?
नाही, म्हणाल्या. शून्य म्हणजे
गेल्या वर्षी होतं तेवढंच आहे.
शून्य लिहायलाही बर्फ लागतो.

रकाना कोरा ठेवून
त्यांची पेन्सिल बराच वेळ तिथंच.
मग शेऱ्यात एक शब्द: खडक.
आणि माझ्याकडे न बघता, पुन्हा सांग.

मी वाकलो, हातमोजा काढून तळवा टेकवला.
कोमट होता.
खडक, ओरडलो.
समोरच्या कड्यानं तिसऱ्यांदा सांगितलं.
ते मात्र त्यांनी वहीत घेतलं नाही.