मधली सुट्टी

लासूरहून आणलेलं पोर. दुर्वेश, दुसरी ब.
पोट ओकून ओकून रिकामं,
आणि छाती एवढीशी
की माझ्या सहा वाट्यांना जागा पुरेना.
मी कागद सोडला.

गणिताची चौकटीची वही असते ना, तसा हा कागद.
मोठी पाच घरं म्हणजे एक सेकंद.
एक ठोका आला.
मग नुसती घरं.
पंधरा मोजली मी, कोरी.
मग दुसरा आला,
हजेरीला उशिरा दिलेल्या ओसारखा.

वरचा कप्पा हाक मारत होता, बारीक, नेमानं.
खालच्याला ऐकू जात नव्हतं.
एवढंच मी सोनवणे मॅडमना सांगितलं.

दारात शाळेचा शिपाई, रघातात्या.
रुमालात बिट्टीची फळं,
एक दगडानं फोडलेलं, आतली बी गायब.
"बकरी तोंड लावत नही त्याले,
म्हनीसन लायेल व्हती मी, कंपाउंडले."
कोणी विचारलं नव्हतं.
तरी तेच सांगत राहिला
डॉक्टरला, अँब्युलन्सच्या ड्रायव्हरला,
रात्री दोनला व्हरांड्यातल्या पाण्याच्या टाकीलाही.

आई केळीच्या कापणीवरून तशीच आलेली,
लुगड्यावर चिकाचे काळे डाग.
"महादेवाले वाहतस आम्ही ते फूल," एवढंच म्हणाली.

सुईनं ठोके थोडे वाढले, पुन्हा बसले.
मग मानेतून तार घातली,
बाहेर ट्रान्झिस्टरएवढी डबी.
आता कागदावर प्रत्येक ठोक्याआधी एक उभी रेघ,
कोणी छडी आपटून म्हणतंय : पुढचा.
पुढचा. पुढचा.
तीन रात्री डबीनं त्याला पाढे म्हणायला लावले.
चौथ्या पहाटे रेघा विरळ झाल्या
आणि तो आपला आपण म्हणू लागला,
अडखळत.

पौषात लासूरला तपासणी शिबिर होतं.
बिट्टी तिथंच उभी, पिवळीधमक.
का नाही तोडली, मी विचारलं नाही.
तात्या खाली स्टूल टाकून बसलेला, शेजारी बादली,
पडलेलं एक एक फळ
पोरांच्या आधी उचलत होता.
दुर्वेशनं मला ओळखलं नाही.
माझ्याजवळचा तो कागदही एव्हाना फिका पडलाय,
ठोके दिसत नाहीत, घरंच दिसतात.

घंटा झाली. पोरं आत पळाली.
अंगण रिकामं.
मी उभ्या उभ्या मोजायला लागलो.