पौषात लॉन्स रिकामं असतं

पौषात लग्नं नसतात,
म्हणून गंगापूर रोडचं निकमशेठचं लॉन्स
आम्हाला मिळालं.
सकाळी सहा ते साडेसात, महिनाभर.
भाडं नाही, फक्त
खिळ्यांचे बूट स्टेजवर न्यायचे नाहीत.

आमचं रोजचं मैदान मुरमाचं.
तिथे चेंडू टप्प्याटप्प्याला मत बदलतो.
मुली त्यातच वाढल्या,
गुडघ्यांवर खपल्या
आणि चेंडू उसळणारच असं धरून
आधीच उचललेला पाय.
कोल्हापूरची निवड चाचणी हिरवळीवर आहे.

मी सतराव्या वर्षी अशीच गेले होते.
पहिला पास आला, सरळ, ओला, घाईतला,
आणि माझ्या उचललेल्या पायाखालून
रेषेबाहेर गेला.
वहीत काहीतरी लिहिलं गेलं.
त्यानंतर मी तासभर चांगली खेळले.
वही मिटलेली होती.

तर पहिल्या सकाळी
आठ अंश, तोंडातून वाफा,
दवात जुन्या लग्नांच्या झेंडूच्या पाकळ्या,
टूथपिक, एक सोनेरी टिकली.
अलफिया कोकणीने चेंडू नुसता ढकलला
आणि तो थांबेचना,
थेट बंद कारंज्यापर्यंत.
मॅडम, चेंडू बदललात का?
नाही गं. जमीन बदलली.

मग पाय खाली ठेवायला शिकलो.
चेंडू पोचायच्या आधी मान वळवायला:
डावीकडे कोण, पाठीशी कोण,
मोकळी जागा कुठे.
मुरमावर विचाराला तीन श्वास मिळतात,
तिथे एक, तोही अर्धा दुसरीचा.
मी हे रोज ओरडून सांगत होते.
वॉचमन चहाचा कप घेऊन ऐकायचा,
त्याचंही आता पाठ झालं होतं.

राखीव मुली स्टेजच्या खाली बूट काढून
वरच्या दोन मखमली खुर्च्यांत बसायच्या.
वरचं प्लास्टिक करकरायचं.
ग्रेस साळवे म्हणाली,
इथून पूर्ण खेळ दिसतो मॅडम.
नवरीला पण दिसत असेल ना एवढं सगळं?
दोघी-तिघी हसल्या.
सुगंधा भोये नाडी बांधत राहिली,
एका नाडीला लागतो त्यापेक्षा बराच वेळ.

तिसऱ्या आठवड्यात माझ्या ध्यानात आलं,
की प्रत्येक पासआधी
एक नजर माझ्याकडे येते.
कोल्हापुरात मी जाळीबाहेर असणार.
शिट्टी घरी ठेवली, वर तोंडही बंद.
दोन दिवस नुसता सावळागोंधळ.
एकीच्या अंगावर दुसरी,
मोकळ्या जागेत कुणीच नाही.
लांब देवळालीच्या तोफांचा सराव चालू,
आणि मी जीभ दातांत धरून
कारंज्याच्या कठड्यावर.
हे शिकवणं आहे की पळ काढणं,
मलाही सांगता आलं नसतं.

तिसऱ्या दिवशी, गोलमधून,
सुगंधा,
हरसूलकडच्या पाड्यावरची,
वर्षभरात हो आणि नाहीच्या पुढे न गेलेली,
ओरडली.
घरच्या बोलीत. दोनच शब्द.
ग्रेसला ते कळले नाहीत,
पण ती वळली,
आणि तिच्या पाठीमागे खरंच कुणीतरी होतं.

त्यानंतर लॉन्सवर नुसता कालवा.
वॉचमन म्हणाला, ताई, तुमचा घसा बसला का?

माघ लागला.
मांडववाले पहार घेऊन आले,
पहिला खड्डा नेमका पेनल्टीच्या जागी.
निकमशेठ गवताकडे बघत राहिले.
निम्मं उकरलंत की हो. वधूपक्षाला काय सांगू?
सांगा, म्हटलं, आधी एक वऱ्हाड उतरलं होतं,
न जेवता गेलं.

रात्रीच्या एसटीत अकरा मुली, चार राखीव,
शेंगदाणे, गूळ, एकीला उलटीची गोळी.
कोण निवडली जाईल, माहीत नाही.
दोघी गेल्या तरी खूप.
सिन्नरपर्यंत त्या बडबडत होत्या,
मला न विचारता
कॉर्नरला कोण कुठे उभी राहणार ते ठरवत होत्या.
एक जागा साफ चुकीची होती.

माझा हात सवयीनं गळ्याशी गेला.
तिथे नुसती दोरी.