हाताचा काटा

रेवंताच्या ओंजळीत सुकी मोहफुलं टाका,
ती म्हणते, "अदपाव. वरून चार फुलं."
गंगाझरीच्या बाजारात शेठ काटा लावतो,
आणि चार फुलं काढून घेतो.

"आज्याचा हात आला पोरीले," आत्या म्हणते.
आजा आम्ही कोणी पाहिला नाही.
मी सख्खा भाऊ,
मला भाजीत मीठ किती, तेही कळत नाही.

जुळी शेवंता मावशीकडे नागपुरात वाढली.
औषधाच्या दुकानात असते.
दिवाळीला आली, ओंजळ भरून म्हणाली,
"अर्धा किलो?"
आत्या तर खोकेपर्यंत हसली.

रात्री आत्याला ताप, त्यात लाईन गेलेली.
शेवंताने डबीतल्या गोळ्या तळहातावर ओतल्या,
अंधारातच म्हणाली, "चौदा."

मी चुलीपाशी नेऊन दोनदा मोजल्या.

रेवंता तिचा हात उलटासुलटा करून बघत होती,
आपलाच हात
परगावी राहून आल्यासारखा.