पुन्हा केलेलं काम

ग्रिम्सबीत आज वारा ताशी चाळीस मैल.
क्रेन मान टाकून उभी,
आणि मी पत्र्याच्या केबिनमध्ये
एका शाळेच्या गुणांची बेरीज करतेय.

खर्चाला तीस टक्के वजन, वेळेला पंचवीस,
सुरक्षेला वीस, दर्जाला पंधरा,
उरलेले दहा ग्राहकाच्या समाधानाला.
ते कौन्सिलच्या बाईंनी बिस्किट चहात बुडवता बुडवता
‘पाचापैकी चारच लिहा, पाच दिले की लोक सैलावतात’
म्हणत देऊन टाकले.

खर्च ठीक. वेळ तीन आठवडे मागे.
नऊ दिवस वाऱ्याचे,
चार दिवस पायाच्या खड्ड्यात लागलेल्या
जुन्या गोदीच्या लाकडांचे: काळी, ओली,
अजून माशांचा वास धरून बसलेली.
बाकीचे दिवस कुणाचे, यावर
तीन कंपन्यांची पत्रं माझ्या फाइलला आहेत.
सगळ्यांची भाषा फार सभ्य.

मग दर्जा. इथे पेन्सिल अडते.

रिमान्टासनं सप्टेंबरात उत्तरेची भिंत रचली.
मी ओळंबा सोडला. सहा मिलिमीटर बाहेर.
नियमात आठ चालतात. पास केली.
शनिवारी साइटवर कुणी नसताना तो आला
आणि वरचे नऊ थर उतरवले,
एकेक वीट घासून, बाजूला लावून.
सोमवारी विचारलं तर म्हणाला,
‘तुझ्या कागदाला चालते. मला रोज दिसेल.’
रोज कशी दिसेल?
तो तर मार्चात कौनासला परत जाणार होता.

तक्त्यात याला रकाना आहे: पुनर्काम.
चार चौरस मीटर. वाया विटा चौतीस.
दर्जाचे दोन गुण वजा.
आणि पश्चिमेकडची मोरी,
जिचा उतार घाईत जेमतेम धरला
आणि वरून काँक्रीट ओतलं,
ती ‘वेळेत पूर्ण’. हिरवी.
खाली सही माझीच.

नेव्हिल म्हणाला, असंच असतं हे,
आकड्यांना डोळे नसतात.
म्हटलं, आपल्याला आहेत ना.
त्यानं किटली लावली.

आई म्हणायची, घर पाहावं बांधून.
बांधून झाल्यावर कुणी पाहावं,
ते म्हणीत नाही.

एकूण: शंभरापैकी ब्याऐंशी पूर्णांक चार.
शेवटी शेऱ्याचा एक चौकोन असतो, चाळीस शब्दांचा.
तिथं लिहिलं: उत्तरेची भिंत सरळ आहे.
मग मोरीबद्दल लिहायला घेतलं
आणि ते उरलेल्या छत्तिसात
काही केल्या मावेना.